दुपारी माना टाकणारी हिरवीगार टोमॅटोची झाडं: औषध आणण्याआधी एक पेला पाणी घ्या

तुम्ही लिहिलंय, "पानं हिरवीगार आहेत, पिवळेपणा कुठेच नाही, झाड फुलाफळांवर आहे. दुपारी मान टाकतं, संध्याकाळी परत ताठ होतं आणि चौथ्या दिवशी मरतं. एकाच सरीत चार झाडं गेली. पाणी वाढवलंय, बुरशीनाशकाची आळवणी (मुळाशी औषधाचं पाणी ओतणं) दोनदा झाली." हे वाचलं आणि आधी उठून पाणी प्यायले. दोन हंगामांपूर्वी माझ्याकडे हेच झालं होतं, याच क्रमाने. म्हणून लांबलचक लिहितेय.

आधी एक विनंती. बाकीचं उत्तर नंतर वाचा, त्या सरीचं पाणी आत्ता बंद करा.

मी कृषिशास्त्रज्ञ नाही. झाड न बघता निदान करता येत नाही, त्यामुळे माझा अंदाज चुकूही शकतो. पण तुम्ही सांगितलेली लक्षणं जिवाणूजन्य मर रोगाची वाटतात. बुरशीजन्य मर सहसा अशी येत नाही. तिच्यात खालची पानं आधी पिवळी पडतात, बऱ्याचदा झाडाच्या एकाच बाजूची, आणि झाड हळूहळू खंगत जातं. जिवाणूजन्य मर मात्र हिरवं झाड उभ्या उभ्या नेते. जिवाणू मुळांवरच्या जखमांतून आत शिरतात आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत वाढून त्या तुंबवतात. मुळाशी पाणी असूनही झाड तहानलेलं दिसतं ते त्यामुळे. संध्याकाळी ऊन उतरलं की मागणी कमी होते आणि झाड सावरल्यासारखं वाटतं. या सावरण्यानेच मी फसले.

माझी सगळ्यात महागडी चूक पाण्याची. पहिलं झाड सुकलं ते पाटाच्या तोंडाशी, म्हणजे जिथून पाणी आत यायचं तिथे. मला वाटलं, उन्हाचा ताण आहे. रोज संध्याकाळी दारं धरायला, म्हणजे सरीत पाणी सोडायला लागले. झाड रात्री उभं राहायचं, मला वाटायचं पाणी लागू पडलं. प्रत्यक्षात त्या झाडाच्या मुळांतून सुटलेले जिवाणू मीच पुढच्या प्रत्येक झाडाच्या पायाशी पोचवत होते. मर कुठल्या क्रमाने पसरली हे नंतर कागदावर मांडलं, तेव्हा ती पाण्याच्या वाटेनेच गेलेली दिसली. शेजारच्या सरीला पाणी दुसऱ्या टोकाने जायचं, ती बराच काळ उभी होती. त्यात भर म्हणजे मेलेली झाडं उपटून मी बांधापर्यंत ओढत नेली, मुळांची माती वाटेभर सांडत.

मग सल्ला घ्यायला एका कार्यालयात गेले. नाव लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही. सोबत शेंडा आणि चार पानं नेली होती. मुळं आणा, खोडाचा बुडखा आणा, असं कोणी सांगितलं नाही. कोणत्या सरीत, पाणी कुठून येतं, आधी तिथे काय होतं, यातलंही काही विचारलं नाही. पान उलटसुलट करून पाहिलं आणि चिठ्ठीवर बुरशीनाशकाची आळवणी लिहून दिली. नमुना तपासणीला ठेवून घेतला. उत्तर आलं तेव्हा शेतात तपासण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि उत्तर होतं, "नमुना कुजलेला असल्याने तपासणी झाली नाही." तरी याचा मला तितका राग नाही, माणसांवर कामाचा बोजा असतो. राग पुढच्या सल्ल्याचा आहे. "टोमॅटोवर टोमॅटो घेऊ नका, पुढच्या वेळी त्याच जागी वांगी लावा," असं मला सांगितलं. मी ऐकलं. वांगी फुलावर आली आणि तशीच माना टाकू लागली.

एर्विन स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1896 साली या जिवाणूचं वर्णन केलं, तेच मुळी टोमॅटो, वांगं आणि बटाटा यांच्यावरचा रोग म्हणून. सव्वाशे वर्षांची जुनी माहिती. ती सल्ला देणाऱ्याच्या टेबलावर नसावी, याचं मला आजही वाईट वाटतं. माझा दुसरा हंगाम त्या एका वाक्यापायी गेला.

आता पेल्याची परीक्षा. नुकतंच मान टाकलेलं, पण अजून हिरवं असलेलं झाड निवडा. वाळून गेलेल्या झाडावर काही दिसत नाही. जमिनीलगतच्या खोडाचा दोनेक इंचाचा तुकडा स्वच्छ धारदार सुरीने कापा. काचेच्या पारदर्शक पेल्यात स्वच्छ पाणी घ्या आणि तुकड्याचं कापलेलं टोक जेमतेम पाण्यात बुडेल असा तो धरून ठेवा. हलवू नका. पेल्यामागे काळा कागद धरा. जिवाणूजन्य मर असेल तर काही मिनिटांत त्या टोकातून दुधाळ पांढरे धागे सरळ खाली उतरताना दिसतात. बुरशीजन्य मर असेल तर असे धागे येत नाहीत, मग खोडाच्या आतला भाग तपकिरी असला तरी. मुळंही धुऊन पाहा. गाठी दिसल्या तर सूत्रकृमी (मातीतले अतिबारीक जंत) आहेत, आणि त्यांनी केलेल्या जखमा म्हणजे जिवाणूला उघडी दारं.

धागे दिसले तर कटू गोष्ट अशी की लागण झालेलं झाड बरं करणारं औषध नाही. दुकानात प्रतिजैविकाची पुडी पुढे केली जाईल. माझ्या मते घेऊ नका. वरून फवारलेलं औषध खोडातल्या त्या नळ्यांपर्यंत परिणामकारक पोचत नाही, आणि जमिनीत प्रतिजैविकं ओतत राहणं सगळ्यांच्याच मुळावर येणारं आहे. बुरशीनाशक तर जिवाणूसाठी नसतंच. तुमच्या दोन आळवण्या झाल्या त्या झाल्या, तिसरी नको.

आजारी झाड मुळाच्या मातीसकट खणा, तिथेच पिशवीत भरा आणि पिशवी उचलून न्या. त्याच्या दोन्ही बाजूंची निरोगी दिसणारी झाडंही काढा. जीव तुटतो, फळं लागलेली असतात, पण काढाच. खतखड्ड्यात टाकू नका. रोजचं काम निरोगी बाजूने सुरू करा, आजारी सरीत सगळ्यात शेवटी जा, आणि तिथून आल्यावर खुरपं, कुदळ, चपला यांची माती आधी धुऊन मग ब्लीचच्या पाण्याने पुसून घ्या. चिखल तसाच ठेवून वरून ब्लीच ओतलं तर फारसा उपयोग होत नाही. आणि या काळात झाडाच्या बुडाशी खोल खुरपणी बंद, मुळं तुटतात. तण हाताने काढा किंवा आच्छादन घाला. कामोणीचं तण मात्र दिसेल तिथून उपटा. ती टोमॅटोच्याच कुळातली, आणि जिवाणू तिच्यावर तग धरतो.

पुढच्या लागवडीबद्दल माझं मत ठाम आहे: त्या तुकड्यात किमान तीन वर्षं टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा नको. आलं आणि भुईमूगही नको, त्यांनाही हा रोग होतो. मका, ज्वारी, भात यांपैकी काही घ्या. जिवाणू मातीत वर्षानुवर्षं राहतो, त्यामुळे फेरपालटाने तो संपेल असं मी म्हणत नाही, कमी होतो. जागाच नसेल तर कलमी रोपांचा विचार करा. रोगाला दाद न देणाऱ्या वांग्याच्या खुंटावर (म्हणजे मुळांसकटच्या बुडख्यावर) टोमॅटोचं कलम करतात. तैवानमधल्या जागतिक भाजीपाला केंद्राने यासाठी ईजी 203 सारखे वांग्याचे खुंट सुचवले आहेत, आणि ते मुळाशी पाणी साचणंही बऱ्यापैकी सोसतात. कलमाचा जोड मात्र मातीच्या वर राहिला पाहिजे. जोडाच्या वर टोमॅटोला मुळं फुटून ती जमिनीत गेली की कलमाचा फायदा संपला. मी आता गादीवाफे उंच करते आणि ठिबक वापरते. ठिबकमुळे एका झाडाचं पाणी वाहत दुसऱ्याकडे जात नाही, एवढ्या एका कारणासाठीही ते मला पटतं. हा रोग उष्ण आणि ओल्या मातीत जोर धरतो, 30 अंशांच्या पुढे तर फारच. म्हणून निचरा आणि वापसा (मातीत ओल असावी, पण पाणी साचू नये) यांकडे फवारणीपेक्षा जास्त लक्ष देते.

तुमच्या फोटोत आणखी दोन गोष्टी दिसल्या, विचारल्या नाहीत तरी सांगते. कडेच्या झाडांची पानं वाटीसारखी वर वळून बारीक झालीत. तो बोकड्या असावा, पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. ती झाडंही सुधारणार नाहीत. पुढच्या वेळी रोपं पहिले 25 ते 30 दिवस बारीक जाळीखाली वाढवा, कारण लहानपणी लागण झाली की नुकसान सगळ्यात जास्त. आणि फळाच्या तळाशी जो काळा चामडी डाग आहे तो रोग नाही. पाणी कधी भरपूर, कधी अजिबात नाही, असं झालं की फळाला कॅल्शियम पोचत नाही. त्यावर काही फवारण्याआधी पाणी नियमित करा.

औषधांची नावं आणि मात्रा मी मुद्दाम देत नाही. लेबल वाचा, फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस सोडायचे ते पाळा.

उद्या दुपारी, झाडाने मान टाकली की लगेच, पेल्याची परीक्षा करा आणि फोटो टाका. पेल्यामागे काळा कागद धरलेला. धागे आले नाहीत तर मुळांचा धुतलेला फोटो टाका, मग सूत्रकृमी आणि बुरशीच्या बाजूने बघू. सरीच्या पाण्याचा उतार कुठून कुठे आहे तेही लिहा, म्हणजे पुढची कोणती झाडं धोक्यात आहेत ते सांगता येईल.