वाचकांचे प्रश्न : कोंबडीखाद्यात दिसणारी हलती पूड

प्रश्न : आमच्याकडे घरच्या 25 गावठी कोंबड्या आहेत. जुलैच्या सुरुवातीला लेअर मॅशच्या (अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या दळलेल्या खाद्याच्या) 50 किलोच्या दोन गोण्या आणून पडवीत भिंतीला टेकवून ठेवल्या. पहिली संपल्यावर दुसरी उघडली, तर तिच्या तोंडाशी आणि शिवणीवर तपकिरी पूड साचलेली दिसली. पुसली तरी दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तेवढीच असते आणि निरखून पाहिले तर हळूहळू हलते. खाद्याला गोडसर, उग्र वास येतो. कोंबड्या ते नुसते उकरून टाकतात. दुकानदार धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या घालायला सांगतो, तर सासूबाई कडुलिंबाचा पाला घालायला सांगतात. काय करावे? (एक वाचक, कुडाळ तालुका)

उत्तर : सर्वांत आधी एक विनंती, त्या गोळ्या आणू नका. धान्यात ठेवण्याच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून दमट हवेत फॉस्फिन नावाचा वायू सुटतो. तो माणसाला प्राणघातक असून त्यावर उतारा नाही. प्रशिक्षित आणि परवानाधारक व्यक्तीनेच बंदिस्त गोदामात वापरायची ती वस्तू आहे. ज्या घरात माणसे झोपतात, त्याच्या पडवीत तिला जागा नाही. शिवाय तुमच्या गोणीतील जिवांची अंडी त्या वायूला सहजासहजी दाद देत नाहीत, म्हणजे एवढा धोका पत्करूनही काही दिवसांत पूड पुन्हा दिसू लागेल.

ही पूड म्हणजे साठवणीतील माइट. पिकांवरच्या लाल कोळ्याची ही भावकी असून तिला किडा म्हणणे तितकेसे बरोबर नाही, कारण प्रौढ माइटला आठ पाय असतात. लांबी अर्धा मिलिमीटरच्या आसपास, अंग पांढुरके आणि अर्धपारदर्शक, पाय मात्र किंचित तपकिरी. म्हणून एकटा माइट डोळ्यांना दिसत नाही, पण हजारो एकत्र आले की तपकिरी पूड दिसते. त्या पुडीत जिवंत माइटबरोबर त्यांच्या काती आणि विष्ठाही असते. खात्री करायची असेल तर चिमूटभर पूड तळहातावर चोळून वास घ्या, पुदिन्यासारखा उग्र दर्प येईल. किंवा एका ताटलीत थोडे खाद्य पसरून वाटीच्या बुडाने दाबून अगदी गुळगुळीत करा आणि काही वेळाने बॅटरीचा उजेड तिरपा पाडून पाहा. माइट असतील तर गुळगुळीत पृष्ठभाग जागोजाग उकरल्यासारखा खडबडीत झालेला असेल.

आता मूळ कारणाकडे येऊ, कारण ते दूर केल्याशिवाय बाकीचे सारे उपाय तात्पुरते ठरतात. माइट पाणी पीत नाही, हवेतील बाष्प अंगाद्वारे शोषून घेतो. सभोवतालची सापेक्ष आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली बराच काळ राहिली तर तो सुकून मरतो, 70च्या वर गेली की त्याचे फावते. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये ती आठवडेच्या आठवडे 80च्या वर असते. भारतीय मानकानुसार कोंबडीखाद्यात 11 टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा नसावा, पण बारीक दळलेले आणि कोंडा असलेले मॅश पावसाळी हवेत उघड्या गोणीत राहिले की तो 13-14 टक्क्यांवर चढायला वेळ लागत नाही. अशा हवेत माइटची एक पिढी सुमारे दोन आठवड्यांत पुरी होते. तुमची दुसरी गोणी तीन आठवडे भिंतीला टेकून उभी होती, हे लक्षात घेतले की पुडीचे कोडे उलगडते. पूड तोंडाशी आणि शिवणीवर दिसते याचेही कारण हेच, हवेतला दमटपणा आधी बाहेरच्या थरात शिरतो. भिंतीला टेकलेली अशी गोणी हलवली की अनेकदा तिच्या मागे, तिच्याच आकाराचा, पुडीचा करडा ठसा उमटलेला दिसतो.

या गोणीचे काय करायचे, ते बुरशीवर ठरवा. हात कोपरापर्यंत आत घालून मधले खाद्य बाहेर काढा. ते मोकळे, कोरडे आणि नेहमीच्या वासाचे असेल तर वरचा आणि कडेचा तीन-चार बोटे जाडीचा थर काढून टाका आणि उरलेले आठवडाभरात संपवा. ऊन पडलेच तर ताडपत्रीवर बोटभर थरात दोन-तीन तास वाळवा, त्याहून अधिक नको, कारण कडक उन्हात खाद्यातील जीवनसत्त्वे कमी होतात. मात्र खाद्याचे गठ्ठे झाले असतील, हिरवट-काळपट जाळी किंवा कुबट वास असेल, तर एक मूठही कोंबड्यांना घालू नका. आपल्याकडच्या उबदार दमट हवेत आढळणारी टायरोफॅगस ही माइटची जात बुरशीवरही पोसते आणि बुरशीचे बीजाणू अंगावरून गोणीभर पसरवते. म्हणून माइट खूप झाले असतील तर बुरशीची शंका घ्यावीच. मक्यावर आणि शेंगदाण्याच्या पेंडीवर वाढणाऱ्या अ‍ॅस्परजिलस बुरशीतून अफलाटॉक्सिन हे विष तयार होते, ते कोंबडीच्या यकृतावर घाला घालते आणि वाळवून किंवा चाळून जात नाही. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की दगावल्या, त्याचा माग काढताना खाद्यातील बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत संशोधक पोचले आणि त्यातूनच या विषाचा शोध लागला. 50 किलोचे पैसे वाया जाताना जीव तुटतो, हे मी जाणतो. तरी बुरसटलेले खाद्य खुराड्यापासून दूर, खतखड्ड्यात पुरा. हे काम करताना नाकातोंडाला फडके बांधा आणि बाह्या खाली घ्या, कारण या पुडीने काहींच्या हातांना खाज सुटते आणि दम्याच्या रुग्णांना त्रास होतो.

कडुलिंबाच्या पाल्याने अपाय नाही, पण ओला पाला गोणीत घातला तर आपणच तिला ओलावा पुरवतो. सासूबाईंच्या पिढीकडे याहून चांगला उपाय होता. बियाण्याची कणसे चुलीवर टांगून ठेवत, कारण तिथली हवा भर पावसातही कोरडी असते. तुमच्याकडे चूल पेटत असेल तर खाद्याचे पिंप पडवीतून हलवून तिच्याजवळच्या कोरड्या खोलीत ठेवा, आच लागणार नाही इतक्या अंतरावर. घट्ट झाकणाचे पत्र्याचे पिंप उत्तम. ते फळ्यांवर, जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून हातभर दूर असावे. जुन्या खाद्यावर नवे ओतण्याची सवय मोडा. पिंप पूर्ण रिकामे करून, धुऊन, कडकडीत वाळवून मगच भरा, नाहीतर तळाचे मूठभर जुने खाद्य नव्या गोणीला विरजण लावते. 25 कोंबड्यांना दिवसाला साधारण अडीच किलो खाद्य लागते, म्हणून जून ते सप्टेंबर एका वेळी 25 किलोच घ्या. ते दहा दिवसांत, म्हणजे माइटची पिढी पुरी होण्याआधी, संपेल. घेताना गोणीवरची तारीख पाहा आणि दुकानात भिंतीलगत रचलेली गोणी नाकारा.

प्रश्न : खाद्यातले हेच माइट कोंबड्यांच्या अंगावर जातात का? आमच्या खुराड्यात सकाळी अंडी काढताना हातावर काहीतरी सरसरते आणि कोंबड्यांचे तुरे फिकट पडले आहेत. (एक वाचक, दापोली)

उत्तर : नाही. खाद्यातला माइट रक्त पीत नाही. तुमच्याकडे रक्त पिणारा तांबडा माइट असावा. तो दिवसा दांड्याच्या भेगांत लपतो आणि रात्री कोंबड्यांवर चढतो, म्हणून दिवसा पिसे उलटून पाहिली तरी अंगावर सापडत नाही. रात्री पांढरे फडके दांड्याच्या खालच्या बाजूने दाबून फिरवा. रक्ताचे तांबडे ओघळ उमटले तर शंका नको. दांडे सोडवून बाहेर काढा, भेगांत उकळते पाणी ओता, वाळल्यावर भेगा बुजवा आणि आठवड्याने सारे पुन्हा करा, कारण मधल्या काळात अंडी फुटतात. औषध पशुवैद्यकांना विचारूनच वापरा आणि त्यानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत, हे त्यांच्याकडून लिहून घ्या. खुराडे काही महिने रिकामे ठेवल्याने हा माइट मरेल, असे समजू नका. रक्त न मिळताही तो कित्येक महिने तग धरतो.