बॅटरी उतरली, सेल्फ घेत नाही. बाईक चालू कशी करू?

किक असेल तर आधी किकच मारून बघा. नसेल तर धक्का. चावी ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबून गाडी पळवा. वेग आला की क्लच झटकन सोडा, इंजिनाने पकडलं की लगेच परत दाबा. पहिला गिअर नको, मागचं चाक फरफटतं.

एफआय (फ्युएल इंजेक्शन, म्हणजे कार्बोरेटर नसलेल्या) गाडीतल्या पेट्रोल पंपाला थोडा तरी करंट लागतो. मीटरवर दिवाच लागत नसेल तर ढकलून नुसता घाम निघेल, तोही भुसावळच्या मे महिन्यात! मग दुसऱ्या बाईकची 12 व्होल्ट बॅटरी आणि जंपर केबल (दोन बॅटऱ्या जोडायची वायर) शोधा. बिनगिअरच्या स्कूटरला धक्का चालत नाही.

आपल्याकडच्या उन्हात पाण्याच्या बॅटरीतलं पाणी लवकर आटतं. डिस्टिल्ड वॉटरच घाला, बोअरचं नाही.