इलेक्ट्रिक गाडीची पुढची काच बाहेर बदलली तर बॅटरीच्या वॉरंटीचं काय?

तुमची पुढची काच तडकलीय आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरऐवजी बाहेर बदलली तर बॅटरीच्या वॉरंटीला काही होईल का असं विचारलंय. बॅटरीची चिंता सोडा. हाय व्होल्टेजच्या नारिंगी केबल्सना काच काढताना हात लावायचं कामच पडत नाही. जपायचा तो आरशामागे काचेला चिकटलेला कॅमेरा, तुमच्या गाडीत एडास असेल तर, म्हणजे लेन सुटली की इशारा देणारी, स्टिअरिंग सावरणारी यंत्रणा.

माझी काच एप्रिलमध्ये गेली. एक्सप्रेसवेवर खालापूरच्या आसपास डंपरमधली खडी उडाली, नखाएवढा टवका, म्हटलं रविवारी बघू. दुसऱ्याच दिवशी भर दुपारी उन्हात तापलेल्या गाडीत बसून एसी फुल केला आणि डोळ्यांदेखत तडा वीतभर धावला. तुमचा अजून टवकाच असेल आणि ड्रायव्हरच्या नजरेसमोर नसेल तर वर सेलोटेप लावा आणि आजच रेझिन भरून घ्या, काच वाचू शकते. तडा लांबलाय? मग बदलाच.

मी जिथे बदलली त्यांनी काच छान बसवली पण कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नजर पुन्हा अचूक जुळवणं, केलंच नाही आणि मला सांगितलंही नाही. पुढच्या वेळी हायवेला गाडी सरळ चाललेली असताना लेन सुटली म्हणून ओरडायला लागली, एकदा तर स्टिअरिंग ओढलं, शेजारी आई बसलेली, मी खरंच घाबरलो. मग सपाट जागेवर टायरची हवा नीट करून, समोर बोर्ड लावून, स्कॅनर जोडून कॅलिब्रेशन करून घेतलं तेव्हा थांबलं. काही गाड्यांना त्यासाठी रस्त्यावर चालवूनही बघावं लागतं. त्यामुळे गाडी देण्याआधीच विचारा, कॅलिब्रेशन तुम्ही करता का आणि बिलात लिहून देता का. नाही म्हणाले तर सरळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा.

दुसरं म्हणजे पीयू, म्हणजे काच चिकटवायचा गम. तो हवेतल्या ओलाव्याने सुकतो म्हणून पावसाळ्याचं टेन्शन नको, फक्त चिकटवताना कडा कोरड्या पाहिजेत, म्हणजे काम छपराखालीच. किती तासांनी चालवायची ते विचारा आणि घाई करू नका, कारण बऱ्याच गाड्यांत शेजारच्या सीटची एअरबॅग उघडताना काचेवरच टेकते, गम कच्चा असेल तर काच बाहेर. पहिला दिवस एक खिडकी बोटभर उघडी ठेवा, दारं आपटू नका, प्रेशर वॉशिंग नको.

आणि जुन्या काचेच्या कोपऱ्यात काचेचा प्रकार सांगणाऱ्या खुणा असतात, त्यांचा फोटो काढून तशीच काच मागा. आपल्या गाड्यांना इंजिनचा आवाज नाही, त्यामुळे साधी काच बसवली किंवा गम कुठे कमी पडला तर वाऱ्याची शिट्टी लगेच कानात येते.

इन्शुरन्स नुसता थर्ड पार्टी असेल तर काही मिळत नाही. ओन डॅमेज, म्हणजे आपल्या गाडीचं नुकसान भरणारा असेल तर झिरो डेप (घसारा न कापण्याचं जादा कव्हर) नसतानाही काचेवर घसारा कापत नाहीत, फाइल चार्ज, म्हणजे दर क्लेमला आपण भरायची ठरलेली रक्कम, तेवढा जातो. पण एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारा सवलतीचा बोनस) प्रोटेक्ट करणारं कव्हर नसेल तर तो बोनस जातो, तो ५० टक्क्यांवर पोचला असेल तर आधी हिशोब करा. क्लेम करायचाच तर काच काढण्याआधी कळवा, फोटो काढा.

फास्टॅग काचेबरोबर फाटतो, नवीन आधीच मागवून ठेवा आणि तो तुमच्या ईव्हीच्या नंबरला नीट जोडलाय ना बघा, नाहीतर अटल सेतूवर ऑगस्ट २०२५ पासून आपल्याला माफ असलेला टोल उगाच कापला जायचा.