अमेरिकेत सीसीबीएचसी मॉडेल राज्यभर न्यायचं तर प्लॅनिंगमध्ये नेमकं काय करतात?

सीसीबीएचसी म्हणजे मानसिक आजार आणि व्यसन दोन्हींचे उपचार एकाच छताखाली देणारं सर्टिफाइड क्लिनिक. 2014 च्या कायद्यातून आलं, 2017 मध्ये 8 राज्यांत सुरू झालं. 2023 मध्ये 15 राज्यांना फक्त प्लॅनिंगसाठी वर्षभराची ग्रँट मिळाली आणि 2024 मध्ये आणखी 10 राज्यं या कार्यक्रमात घेतली.

प्लॅनिंगमध्ये नियम बघून क्लिनिकं सर्टिफाय करणं आलंच, म्हणजे 9 ठरलेल्या सेवा, 24 तास क्रायसिस टीम, पैसे नाहीत म्हणून कुणाला परत पाठवायचं नाही वगैरे. पण खरी डोकेदुखी रेट काढायची. क्लिनिकचा या सेवांवरचा वर्षाचा खर्च भागिले प्रत्येक पेशंट किती दिवस आला त्याची बेरीज, एवढाच रोजचा रेट, मग त्या दिवशी पेशंटने एक सेवा घेवो नाहीतर तीन, मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्य विमा) तेवढेच देणार (महिन्याच्या रेटचाही ऑप्शन आहे). याचा फायदा असा की हॉस्पिटलला फोन करून डिस्चार्जचा फॉलोअप घेणं, शाळेशी बोलणं, या कामांचं एरवी बिलच होत नाही, ते इथे खर्चात धरलं जातं.

माझ्या मते जास्त क्लिनिकं घाईने उघडण्यापेक्षा आधी अकाउंट्स आणि डेटा नीट करून घ्यावा, आणि खेड्यातल्या भागात माणसं कुठून आणणार ते आधी बघावं, कारण तिथे सायकियाट्रिस्ट मिळतच नाहीत.