वाचकांचे प्रश्न : आटलेल्या नदीकाठची पक्षीगणना

प्रश्न : अमेरिकेच्या वाळवंटी भागात नदीकाठचे पक्षी मोजण्यासाठी स्वयंसेवकांच्या मोहिमा निघतात, असे वाचनात आले. आमच्या गावाजवळून वर्धा नदी वाहते, पण उन्हाळ्यात पात्र आटून मोजके डोह उरतात. आम्ही तीन शिक्षक आणि काही माजी विद्यार्थी अशी गणना करू शकू काय? — एक शिक्षक, वणी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : अवश्य करू शकाल. ॲरिझोनातील सॅन पेद्रो नदी रखरखीत मुलुखातून वाहते आणि तिच्या काठच्या कॉटनवुड व विलो या झाडांच्या अरुंद पट्टीवर स्थानिक तसेच स्थलांतर करणारे पक्षी विसंबून असतात. म्हणून १९८८ मध्ये तो काठ संरक्षित करण्यात आला. अशाच काठच्या झाडीत राहणाऱ्या पिवळ्या चोचीच्या कोकिळाची पश्चिमेकडील संख्या घटत जाऊन २०१४ मध्ये त्याची नोंद तेथील धोक्यातील प्राण्यांच्या यादीत झाली. विदर्भ काही वाळवंट नव्हे. तरीही एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडेही पाणी डोहापुरते आणि हिरवी सावली काठच्या करंज-जांभळापुरती उरते, आणि परिसरातले पक्षी तेथेच गोळा होतात. मोजणाऱ्याच्या दृष्टीने ही सोयीची गोष्ट आहे.

मोजणीला किंमत येते ती पक्ष्यांच्या संख्येमुळे नव्हे, तर तीच वाट, तीच वेळ आणि तीच पद्धत वर्षानुवर्षे टिकवल्यामुळे. काठाचा दोनेक किलोमीटरचा तुकडा निवडावा, त्यातील प्रत्येक डोहाला गावात चालणारे नाव द्यावे, सूर्योदयाला निघावे आणि प्रत्येक डोहापाशी दहा मिनिटे थांबावे. एकाने पाहावे, दुसऱ्याने लिहावे. दोघेही पाहू लागले की लिहायचे राहून जाते. किती वेळ आणि किती अंतर चाललात, तेही नोंदवावे. एखाद्या डोहावर काहीच दिसले नाही तर 'शून्य' लिहावे. पुष्कळ हौशी मंडळी हे शून्य गाळतात आणि तेथेच त्यांची वही निरुपयोगी होते, कारण पुढे नदी सुरय हा पाणपक्षी दिसेनासा झाला, तर तो खरोखर नव्हता की त्या दिवशी कोणी गेलेच नव्हते, हे कळायला मार्ग राहत नाही. 'ई-बर्ड' या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना 'ओळखता आलेले सर्व पक्षी नोंदवले आहेत काय' असे विचारतात, ते याचसाठी.

येथे स्वतःची एक फजिती सांगतो. एका नाल्याच्या काठाने चालताना मी तीन खंड्ये मोजले आणि परतताना ध्यानात आले की खंड्या एकच होता. माणूस जवळ आला की तो पुढच्या फांदीवर जाऊन बसतो, पुन्हा उडून आणखी पुढे जातो, आणि आपली हद्द संपली की वळसा घालून मागे येतो. धोबी पक्षीही असाच चकवतो. तेव्हा पुढे उडालेला पक्षी कोठे बसला, हे पाहिल्याशिवाय नवा आकडा लिहू नये.

काही पथ्ये मात्र कसोशीने पाळावीत. नदी सुरय, टिटव्या आणि चिखल्या उन्हाळ्यात उघड्या रेतीवर किंवा गोट्यांत अंडी घालतात, आणि ती पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. डोक्यावर टिटवी ओरडत घिरट्या घालू लागली, तर आपण तिच्या घरट्याच्या जवळ आहोत असे समजून आल्या पावली परतावे; ती उठून गेली की अंडी तापलेल्या रेतीवर उघडी पडतात. म्हणून पात्रात न उतरता काठावरूनच दुर्बिणीने मोजावे आणि सोबत कुत्रा नेऊ नये. साडेआठपर्यंत काम आटोपावे. वरच्या धरणातून पाणी सोडणार असल्यास त्याची चौकशी आधी करावी, आणि निघण्यापूर्वी पोलीस पाटलांच्या कानावर घालावे. रेतीघाटाजवळ वही-दुर्बीण घेऊन फिरणाऱ्यांविषयी भलत्याच शंका घेतल्या जातात. वाट अभयारण्यातून जात असेल, तर वनखात्याची परवानगी लागते.

प्रश्न : गणना कोणत्या दिवशी करावी? — एक विद्यार्थिनी, जि. वर्धा

उत्तर : आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते, राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. दोन्हींत जरूर भाग घ्यावा. परंतु छायाचित्रापुरत्या एका सकाळीपेक्षा दर महिन्याचा पहिला रविवार मला अधिक मोलाचा वाटतो.

प्रश्न : आमच्या धानाच्या बांधीत सारसाची जोडी येते. आम्ही काय करावे? — एक शेतकरी, जि. गोंदिया

उत्तर : आपण भाग्यवान आहात, कारण महाराष्ट्रात सारस आता प्रामुख्याने आपल्याच भागात उरला आहे. पावसाळ्यात तो बांधीतच गवत-काड्यांचा ढीग रचून बहुधा दोन अंडी घालतो आणि नर-मादी आळीपाळीने महिनाभर ती उबवतात. त्या दिवसांत निंदणी करताना घरट्याभोवतीचा धान तेवढा सोडून द्यावा, फवारणी टाळावी आणि छायाचित्र काढायला येणाऱ्यांना जागा दाखवू नये. जोडी प्रथम कधी दिसली, अंडी कधी दिसली, पिल्ले किती निघाली, एवढे दिनदर्शिकेच्या त्या-त्या चौकोनात लिहून ठेवले तरी पुरेल. उन्हाळ्याच्या अखेरीस सारस गणनेसाठी स्वयंसेवक तलावांवर येतात, तेव्हा तीच दिनदर्शिका त्यांना दाखवावी.