नुसती वाळूत खेळते, बोलत तर काहीच नाही

माझ्याकडे वाळूच्या ट्रेतनं थेरपी चालते, आणि बऱ्याच आईवडलांचं एकच म्हणणं असतं, मॅडम इतके सेशन झाले, पोरगं आत जाऊन नुसतं वाळूत खेळतं, तुमच्याशी बोलत तर काहीच नाही, मग फरक पडणार कसा. मला हा प्रश्न चुकीचा वाटत नाही, कामाचा दिवस मोडून एसटीनं येणाऱ्या माणसानं तो विचारायलाच पाहिजे. म्हणून एक केस सांगते, घरच्यांना विचारून सांगतेय आणि ओळख पटू नये म्हणून काही गोष्टी बदलल्यात.

2019 चा ऑगस्ट. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोका पातळी 45 फूट, त्या वर्षी पाणी 57 फुटांच्या वर गेलेलं. काठच्या एका गावातली नऊ वर्षांची मुलगी घरच्यांबरोबर रात्री बोटीतनं बाहेर पडली, माणसं सगळी वाचली, गोठ्यातली म्हैस तेवढी गेली. पोरीला सांगितलं म्हशीला मामाकडं पाठवलंय. मग दिवाळीत तो अवकाळी पाऊस लागला आणि हिचं पोट दुखायला लागलं, रात्री अंथरूण ओलं, शाळेत तोंडातनं शब्द नाही. डॉक्टरांनी तपासलं, सोनोग्राफीत काही नाही, तेव्हा माझ्याकडे आणलं. आणायची आज्जी. तिसऱ्या वेळी आज्जी म्हणाली, "मॅडम, वाळू काय आमच्याकडं कमी हाय व्हय? एवढ्या लांब येऊन पोरगी वाळूतच खेळणार आसंल तर नदीलाच सोडतो की."

माझ्याकडे दोन ट्रे आहेत, साधारण 72 बाय 57 सेंटिमीटरचे, सात सेंटिमीटर खोल, आमच्या सुतारानं केलेले. आतनं निळा रंग, वाळू बाजूला सारली की खाली पाणी दिसतं. एकात कोरडी वाळू, एकात ओली. कपाटात माणसं, घरं, झाडं, जनावरं, कुंपणं, पूल, बोटी, देव, राक्षस असं शेकड्यानं सामान. ही पद्धत काही काल-परवाची नाही, लंडनमध्ये मार्गारेट लोवेनफेल्ड नावाच्या डॉक्टर बाईंनी 1920 च्या दशकाच्या शेवटी मुलांना वाळूचा ट्रे आणि छोटी खेळणी द्यायला सुरुवात केली, पुढे स्वित्झर्लंडच्या डोरा काल्फ यांनी त्याला मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या विचारांची जोड दिली. ज्याला जे सांगायला शब्द सापडत नाहीत ते त्याला हातानं मांडता येतं, आणि मांडलेलं बाहेरनं बघता येतं, हवं तर हलवता येतं. मोठ्या माणसांनाही मी ट्रे देते, पन्नाशीतले गृहस्थ पहिली दहा मिनिटं लाजतात आणि मग तास कधी संपला कळत नाही त्यांना.

तर ही मुलगी. ओल्या ट्रेकडे बघायचीसुद्धा नाही. कोरड्यात एक घर, एक बोट, बोटीतली माणसं सगळी घराकडे पाठ करून. दुसऱ्या वेळी मी घाई केली, विचारलं, बोटीतली ही मुलगी म्हणजे तू का गं? तिनं बोट उचलून कपाटात ठेवली आणि उरलेला वेळ तळहातानं वाळू सपाट करत बसली. तो प्रश्न मी विचारायला नको होता, आणि तुम्हीही घरी विचारू नका, आज काय केलंस, त्याचा अर्थ काय, मॅडम काय म्हणाल्या. पोराला दुसरी परीक्षा वाटते ती. त्या दिवसापासनं मी शेजारी गप्प बसायचे, ती गेल्यावर फोटो काढायचे आणि मगच ट्रे आवरायचे, तिच्यासमोर तिनं मांडलेलं कधी मोडलं नाही.

चौथ्या वेळी कपाटापाशी उभी राहून म्हणाली, "म्हैस न्हाई?" माझ्याकडे गाय होती, बैल होते, जिराफ होता, म्हैस नव्हती! पुढच्या वेळेला कुंभाराकडनं मातीची, न भाजलेली छोटी म्हैस करून आणली. तिनं ती बराच वेळ हातात धरली, मग विचारलं, "ही भिजली तर इरघळंल न्हवं?" मी हो म्हटलं. तिनं कोरड्या ट्रेच्या कोपऱ्यात उंच ढीग केला, वर म्हैस ठेवली, आणि माझ्या टेबलावरचा दोरा मागून तिच्या गळ्यात बांधला, सोडला, परत बांधला. दोन सेशन तेवढंच चाललं होतं. दोरा बांध, सोड, बांध.

सातव्या सेशनला, मान वर न करता म्हणाली, "त्या दिशी दावं मीच बांधलं हुतं. निरगाठ मारलेली."

चार महिने ते पोर हे एकटं पोटात घेऊन बसलं होतं. म्हैस मामाकडं गेलेली नाही हे तिला पहिल्या दिवसापासनं ठाऊक होतं, पण मोठी माणसं खोटं बोलतायत म्हणजे चूक आपलीच असणार, असा तिचा हिशोब. तिला विचारून वडलांना बोलावलं, घरात खरं सांगा म्हटलं. ते तिच्यासमोरच बोलले, की बोट आल्यावर मी गोठ्यात गेलो होतो, विळ्यानं दावं कापलं होतं, म्हैस दारातनं बाहेरच येईना. बोलता बोलता रडले. तिनं फक्त विचारलं, "कापलं हुतं?" त्यांनी तीनदा हो म्हटलं.

हे सगळं ट्रेनंच झालं असं मी म्हणणार नाही. वर्गशिक्षिकेशी बोलले, झोपेचं वेळापत्रक लावलं, वडलांचं खरं बोलणं तर सगळ्यात मोठं. आणि घरी परातीत वाळू दिली की थेरपी झाली असंही नाही, खेळ म्हणून जरूर द्या, पण मूल स्वतःला इजा करत असेल, जेवण सोडलं असेल तर वाळूची वाट बघू नका, आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. पण त्या निरगाठीची गोष्ट विचारून मला कधीच कळली नसती, कारण विचारायचं काय हेच मला माहीत नव्हतं.

फेब्रुवारीत तिनं पहिल्यांदा ओला ट्रे ओढला. बोटानं नदी काढली, निळा तळ उघडा केला, पलीकडच्या काठावर म्हैस ठेवली, दोरा न बांधता.

जूनमध्ये पाऊस लागल्यावर आज्जीचा फोन आला. पोट अजून अधूनमधून दुखतं म्हणाली, अंथरूण मात्र कोरडं असतं. नवीन रेडी घेतलीय, तिचं दावं पोरगीच बांधते, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. "सुरगाठ मारती मॅडम, एका वढीत सुटंल आशी."