‘डॉक्टर लगेच इंजेक्शन चालू करतील का?’

“मॅडम, एकच सांगा. तुमच्याकडं आणलं म्हणजे डॉक्टर लगेच इंजेक्शनं चालू करणार का?” पंधरा वर्षांच्या मुलाच्या वडिलांचा हा पहिला प्रश्न होता. समुपदेशक म्हणून काम करताना थोड्या वेगळ्या शब्दांत तो मला बऱ्याच आईवडिलांनी विचारला आहे, म्हणून या कुटुंबाच्या परवानगीने त्यांची हकीकत लिहिते आहे. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. मुलाला इथे शर्व म्हणू. जन्मदाखल्यावर तो मुलगी आहे, स्वतःला मुलगा मानतो. अशा, म्हणजे ट्रान्सजेंडर मुलांना काही देशांत वयात येणं रोखणारी इंजेक्शनं देतात, वडिलांचा प्रश्न त्यांच्याबद्दल होता. मी ‘तो’ लिहिते, कारण त्याने मला तसं सांगितलं आहे.

दक्षिण महाराष्ट्रातलं तालुक्याचं गाव. वडिलांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान, आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, घरात आजी. त्या भागात मुलीही सर्रास ‘मी आलो, मी जेवलो’ म्हणतात, त्यामुळे शर्वचं बोलणं घरात कुणाच्या कानाला कधी खटकलं नव्हतं. खटकायला लागलं ते नववीत. पीटीच्या तासाला पोटात दुखायचं, शाळा बुडायची, मार्क घसरले. एकदा जिना चढून आला आणि धाप लागून खालीच बसला, तेव्हा आईला कळलं की तो छातीभोवती क्रेप बँडेज आवळून शाळेत जातो. मग त्याने तिला वहीच्या पानावर लिहून दिलं की मी मुलगा आहे, हे मला पाचवीपासून माहीत आहे, बाबांना तू सांग.

बाबांना कळलं आणि आठवड्याभरात नातेवाइकांना कळलं. टेक्सासमधल्या आत्याचा मेसेज आला की इकडे सरकारने या उपचारांवर बंदी घातली आहे, तू पोरीला डॉक्टरकडे नेऊच नकोस. लंडनजवळ राहणाऱ्या मामाने ब्रिटनमधल्या बातम्यांच्या लिंक पाठवल्या. शर्वच्या मोबाईलमध्ये नेमकं उलटं होतं. परदेशातली मुलं कॅमेऱ्यासमोर सांगत होती की उपचार वेळेवर मिळाले नाहीत म्हणून आमचं आयुष्य वाया गेलं. माझ्यासमोर बसेपर्यंत या घरात दोन तट पडले होते, आणि अजून एकाही डॉक्टरने शर्वला तपासलेलं नव्हतं.

तिकडचा वाद नेमका काय आहे, ते मी आधी सांगितलं. ते अर्धवट माहिती घेऊन घरी गेले असते तर रात्री पुन्हा तेच भांडण झालं असतं.

वाद मुख्यतः दोन औषधांचा आहे. एक, वयात येणं रोखून धरणारी इंजेक्शनं. सातव्या-आठव्या वर्षीच वयात येऊ लागणाऱ्या मुलामुलींना ती १९८० च्या दशकापासून दिली जातात, आपल्याकडेही. १९९० च्या दशकात नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी ती ट्रान्सजेंडर किशोरांसाठी वापरायला सुरुवात केली. बाराव्या वर्षाच्या आसपास ही इंजेक्शनं, सोळाव्या वर्षी दुसरं औषध, म्हणजे शरीर मुलासारखं किंवा मुलीसारखं घडवणारे हार्मोन, शस्त्रक्रिया अठरानंतर, आणि प्रत्येक पायरीआधी कसून तपासणी, अशी त्यांची पद्धत होती. ती इतर देशांत गेली. उपचार मागणाऱ्या मुलांची संख्या झपाट्याने वाढली, त्यात किशोरवयात पुढे येणाऱ्या, जन्माने मुली असलेल्यांचं प्रमाण मोठं होतं, आणि तपासणीचा काटेकोरपणा सगळीकडे सारखा राहिला नाही. फिनलंड आणि स्वीडनने २०२० ते २०२२ च्या दरम्यान हात आखडता घेतला. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेने नेमलेल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. हिलरी कॅस यांचा या उपचारांवरचा अहवाल एप्रिल २०२४ मध्ये आला आणि डिसेंबरमध्ये सरकारने अठराच्या आतल्या मुलांना या कारणासाठी ही इंजेक्शनं नव्याने सुरू करण्यावर बेमुदत बंदी घातली. टेक्सासचा कायदा १ सप्टेंबर २०२३ पासून लागू आहे. त्यात हार्मोनही अठराच्या आत बंद आहेत. टेनेसीच्या अशाच कायद्याला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये वैध ठरवलं. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने मात्र या उपचारांना दिलेला पाठिंबा २०२३ मध्ये कायम ठेवला आणि सोबत पुराव्यांचा नव्याने आढावाही घ्यायला सांगितला.

“म्हणजे औषध वाईट आहे हे सिद्ध झालं ना?” वडिलांनी विचारलं.

तसं झालेलं नाही. कॅस अहवालाचं म्हणणं असं की झालेले अभ्यास कमकुवत आहेत, त्यांच्यावर विसंबून फायदा किती आणि तोटा किती हे खात्रीने सांगता येत नाही. ही मुलं खोटं बोलतात किंवा त्यांना उपचारच देऊ नयेत, असं त्यात लिहिलेलं नाही. हार्मोन सोळानंतर, पण अतिशय सावधपणे, असं त्यात आहे. हाडांची घनता नीट वाढते का, पुढे मूल होण्याच्या क्षमतेचं काय, हे प्रश्न खरे आहेत. वयात येताना स्वतःचं शरीर परकं होत जाण्याचा त्रासही तितकाच खरा आहे, आणि नुसतं थांबल्यामुळे शरीर काही थांबून राहत नाही. माझं स्वतःचं मत मी त्यांच्यापासून लपवलं नाही. सरसकट कायदेबंदी मला पटत नाही, कारण त्यामुळे समोरच्या एका मुलाचा विचार करण्याची जागाच उरत नाही. आणि एका इंजेक्शनने सगळं दुःख संपेल असं पंधरा वर्षांच्या मुलाला सांगणं हेही मला तितकंच बेजबाबदार वाटतं.

आता शर्वबद्दल. त्याची पाळी बाराव्या वर्षी सुरू झाली होती. वयात येणं रोखणारी इंजेक्शनं उपयोगी पडतात ती सुरुवातीच्या टप्प्यात, पंधराव्या वर्षी बहुतेक बदल होऊन गेलेले असतात. ज्या औषधावरून या घरात ताटावर भांडणं झाली, त्याचा शर्वशी फारसा संबंधच उरला नव्हता. हे ऐकल्यावर आई रडायलाच लागली. सुटकेचं रडणं होतं की उशीर झाल्याचं, ते मी तेव्हा विचारलं नाही.

राहिलं टेस्टोस्टेरॉन. त्याने आवाज फुटतो, दाढीमिशा येतात, आणि औषध बंद केलं तरी आवाज पूर्ववत होत नाही. अशा गोष्टीचा निर्णय कुठलाही जबाबदार डॉक्टर पहिल्या भेटीत घेत नाही. मानसोपचारतज्ज्ञ, हार्मोनतज्ज्ञ, रक्ताच्या तपासण्या, पुन्हा पुन्हा बोलणं, यात महिने जातात. आपल्याकडे वैद्यकीय संमतीचं वय अठरा आहे, त्यामुळे त्याआधी आईवडिलांना बाजूला ठेवून काही होत नाही. एवढं ऐकून वडील पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकून बसले. मग हळूच म्हणाले, “मग तुम्ही समजावून सांगून हे डोक्यातनं काढाल का?”

नाही. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने अशी मनातली जाणीव ‘बदलून टाकणाऱ्या’ उपचारांना डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणात, जे त्याच वर्षी लागू झालं, ही अवस्था मानसिक आजारांच्या यादीत नाही. नियम नसते तरी मी तो प्रयत्न केला नसता. तशा प्रयत्नांतून खचलेली माणसं मी पाहिली आहेत. पण न काढणं म्हणजे न विचारणं नव्हे. शर्वला मी सगळं विचारलं. मुलगा असणं म्हणजे त्याच्या लेखी काय, कुणी त्रास दिला होता का, एकटा असताना स्वतःला कसा बघतो, मोबाईलवरचं बघण्याआधी काय वाटायचं. दुसऱ्या एका घरातल्या मुलीलाही अशीच शरीराची शिसारी वाटत होती, तिलाही केस कापून मुलगा व्हायचं होतं. बोलता बोलता क्लासच्या वाटेवर झालेली छेडछाड बाहेर आली, आणि तिला जे हवं होतं ते मुलगा होणं नव्हतं, कुणी हात लावणार नाही असं शरीर हवं होतं. तिचा रस्ता वेगळा निघाला. शर्वच्या बाबतीत मानसोपचारतज्ज्ञांना नैराश्य आढळलं, त्यावर उपचार झाले, झोप परतली, मार्क थोडे वर आले. मुलगा असल्याची जाणीव मात्र जिथल्या तिथे राहिली.

दरम्यान करण्यासारखं बरंच होतं आणि त्याला कुणाच्या अहवालाची गरज नव्हती. क्रेप बँडेज त्याच दिवशी बंद केलं. त्याने बरगड्या आवळल्या जातात, श्वास अडतो. त्याऐवजी घट्ट स्पोर्ट्स ब्रा आणि वर सैल शर्ट, रात्री तेही नाही. पाळीच्या दिवसांत तो खोलीतून बाहेर येत नसे, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. जास्त रक्तस्राव होणाऱ्या कुठल्याही मुलीला देतात तसल्याच गोळ्यांनी पाळी थोपवता येते. घरात पूजा आली की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आईने स्वतः घेतल्या होत्या, त्यामुळे या उपचाराची तिला भीती वाटली नाही. फक्त मेडिकलमधून आपल्या मनाने आणू नका, असं मी बजावलं. शर्वला वेगळं बजावलं. जिममधल्या ओळखीने टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं मिळतात हे त्याला माहीत होतं, आणि मला ते माहीत आहे याचं त्याला आश्चर्य वाटलं. तपासणीशिवाय घेतलं तर रक्त नको तितकं घट्ट होऊ शकतं, मात्रा कळत नाही, सुई कुणाची ते कळत नाही. त्याने शब्द दिला.

आत्महत्येची भीती दोन्ही तटांनी वापरली होती. व्हिडिओंतली मुलं म्हणत होती, उपचार नाहीत तर मरण. नातेवाईक म्हणत होते, उपचार घेतलेले पुढे पस्तावून जीव देतात. कुणाच्याही जिवाचा असा हत्यारासारखा वापर मला सहन होत नाही. मी शर्वला सरळ विचारलं. विचार आले होते, तयारी केलेली नव्हती. आईने काय बघायचं, कधी एकटं सोडायचं नाही, रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा, हे तिघांनी मिळून लिहून काढलं. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ वर चोवीस तास चालते, तो नंबर तिघांच्याही मोबाईलमध्ये घातला.

आजी एकदाच आल्या. बराच वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, “बाई, यल्लम्माला सोडलेले जोगते आम्ही बघितल्यात. आमच्या वाड्यातला एक पोरगा गेला, परत उंबऱ्यात नाही आला. आमच्या लेकराला बी घर सोडावं लागंल का?” इतके दिवस इंजेक्शनावरून जे भांडण चाललं होतं, त्याच्या मुळाशी हे होतं. वडिलांनाही हीच भीती होती, ती त्यांना बोलता येत नव्हती. घर सोडावं लागतं ते घरातल्यांनी दार लावलं तर, असं मी आजींना सांगितलं. आईने बीडचे पोलिस ललित साळवे यांचं नाव काढलं. २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात त्यांची शस्त्रक्रिया झाली, त्याच्या बातम्या घरोघरी वाचल्या गेल्या होत्या. ते तेव्हा प्रौढ होते, त्यांची शारीरिक स्थितीही वेगळी होती, त्यामुळे उपचारांच्या बाबतीत ते उदाहरण शर्वला लावता येणार नाही, हे मी स्पष्ट केलं. आजींना त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. त्यांनी विचारलं, नोकरी राहिली का? राहिली. लग्न झालं? झालं. “मग झालं की,” म्हणाल्या, आणि पदर सावरून बाहेर जाऊन बसल्या.

वडिलांना वेळ लागला. ते अजून चारचौघांत ‘मुलगी’ म्हणतात, दुकानात मात्र त्याला बसवतात, वाइंडिंग शिकवतात. शाळेत वर्गशिक्षिकेने पीटीला ट्रॅकपँट घालायची मुभा मिळवून दिली. स्वच्छतागृहाचा प्रश्न सुटला नाही, शर्व दिवसभर पाणी कमी पितो आणि त्यावर मी अजून त्याच्याशी भांडते आहे. आत्याशी बोलणं तुटलं होतं, ते दिवाळीत पुन्हा सुरू झालं, या विषयावर न बोलण्याच्या अटीवर.

शर्व आता बारावीत आहे. मधल्या काळात त्याने हार्मोनतज्ज्ञांना आईवडिलांसोबत भेटून सगळं ऐकून घेतलं. टेस्टोस्टेरॉन अठरानंतर सुरू करायचं असं त्याचं आज म्हणणं आहे, शस्त्रक्रियेचं त्याला आत्ता ठरवायचं नाही. त्याच्या आईने डॉक्टरांना स्त्रीबीज गोठवून ठेवण्याबद्दल विचारलं, खर्चाचा आकडा ऐकला, आणि घरी येऊन वडिलांनी त्यासाठी पोस्टात वेगळं खातं उघडलं. शर्वला मूल नको आहे. पंचविसाव्या वर्षी विचारू, असं वडील म्हणतात. यावर पुढच्या भेटीत तिघे बोलणार आहेत.